विश्लेषण : स्पर्धेत हरणारा युरिपिडिस अडीच हजार वर्षे कसा टिकला?

‘मेडिया’ हे नाटक आजही जगभर रंगमंचावर येते. मात्र इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्समधील स्पर्धेत ते सादर झाले, तेव्हा त्याच्या लेखकाला तिसरा, म्हणजे शेवटचा क्रमांक मिळाला होता. हा लेखक म्हणजे युरिपिडिस.

कोण होता युरिपिडिस?

त्याचा जन्म इ.स.पू. ४८० च्या सुमारासचा. इ.स.पू. ४५५ मध्ये तो डायोनिसस देवाच्या उत्सवातील नाट्यस्पर्धेत प्रथम उतरला. पहिले पारितोषिक मिळायला ४४१ साल उजाडले. सुमारे ९० नाटके लिहूनही हयातीत तो अवघ्या चार वेळा जिंकला. त्याचा समकालीन सोफोक्लीस याच उत्सवात १८ वेळा विजयी ठरला.

प्रेक्षकांना काय खटकत होते?

पुराणकथांतील वीरांना त्याने सामान्य माणसांसारखे दुबळे दाखवले. स्त्रिया आणि गुलामांना परखडपणे बोलायला लावले. इ.स.पू. ४१६ च्या सुमारास अथेन्सने मेलोस बेट जिंकून तेथील पुरुषांना ठार मारले, बायका-मुलांना गुलाम केले. लगेच ४१५ मध्ये त्याने ‘ट्रोजन विमेन’ रंगमंचावर आणले. त्यात पराभूत ट्रॉय नगरीच्या स्त्रिया आपली वाटणी होण्याची वाट पाहत बसलेल्या दिसतात. ॲरिस्टोफेनिस तर आपल्या विनोदी नाटकांत त्याची सतत खिल्ली उडवत असे.

मग तो लोकप्रिय नव्हता का?

होता, पण परीक्षकांपेक्षा लोकांमध्ये. प्लुटार्कच्या म्हणण्यानुसार, इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीत पकडलेल्या काही अथेनियन सैनिकांची सुटका केवळ युरिपिडिसच्या ओळी पाठ असल्यामुळे झाली. घरी परतल्यावर त्यांनी त्याचे आभार मानले.

आयुष्याच्या अखेरीस तो मॅसेडोनियाच्या राजाकडे गेला. इ.स.पू. ४०६ च्या सुमारास तेथेच त्याचे निधन झाले. ‘बाकाय’सह त्याची शेवटची नाटके मृत्यूनंतर सादर झाली आणि त्यांना पहिले पारितोषिक मिळाले.

नाटके आजवर कशी पोहोचली?

शतकभरात जुन्या नाटकांच्या पुनःप्रयोगांत त्याचे नाव आघाडीवर आले. त्याची निवडक नाटके शाळांत शिकवली जात असल्याने त्यांच्या नकला होत राहिल्या. नऊ नाटके मात्र योगायोगाने वाचली. वर्णक्रमाने लावलेल्या संग्रहाचा एक भाग टिकला आणि चौदाव्या शतकातील हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आला. ते आज फ्लॉरेन्समध्ये आहे. इस्किलस आणि सोफोक्लीस यांची प्रत्येकी सात नाटके उरली, युरिपिडिसची १८. एकोणिसाव्या नाटकाच्या लेखकाबद्दल वाद आहे.

आजही का?

त्याच्या नाटकांत युद्ध कोणी जिंकले याहून युद्धानंतर मागे राहिलेल्यांचे काय झाले, हा प्रश्न मोठा आहे. २०१३ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान येथे ‘ट्रोजन विमेन’वर बेतलेला प्रयोग झाला. रंगमंचावर उभ्या होत्या सीरियातील युद्धामुळे घर सोडावे लागलेल्या स्त्रिया. त्यांनी त्या नाटकात स्वतःच्या कहाण्या गुंफल्या होत्या.