भूगोलाचे पाच प्रश्न आणि आपले सयाजीराव महाराज



भूगोलाचे पुस्तक हातात आले की बहुतेक मुले नद्या, राजधान्या आणि पिके यांची नावे पाठ करू लागतात. परीक्षा संपली की ती नावेही विसरतात. खरे पाहता या विषयाचा पाया पाच साध्या प्रश्नांवर उभा आहे. एखादी जागा कुठे आहे? ती कोणत्या प्रदेशात मोडते? तेथील माणसांचे जमीन आणि पाण्याशी नाते कसे आहे? माणसे, माल आणि विचार तेथे कसे ये-जा करतात? आणि ती जागा स्वभावाने कशी आहे? १९८४ साली अमेरिकेतील भूगोलतज्ज्ञांनी शालेय शिक्षणासाठी हीच पाच सूत्रे मांडली. आपण ती महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या जीवनातून समजून घेऊ या.

१. स्थान

नकाशाची वही उघडा. नाशिक जिल्ह्यात मालेगाव शोधा. त्याच्याजवळच्या कवळाणा या खेड्यात मार्च १८६३ मध्ये काशीराव गायकवाडांच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव गोपाळराव. घर शेतकऱ्याचे, शाळेचे शिक्षण नाही. आता वडोदरा शोधा. मालेगाव साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि वडोदरा बावीस अंशांच्या थोडे पुढे. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे दोन्ही ठिकाणांत उत्तर-दक्षिण अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास.

हे अंतर त्या मुलाने बाराव्या वर्षी ओलांडले. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले. मग खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी गोपाळरावांना दत्तक घेतले आणि ते सयाजीराव झाले. दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभार पाहत होते आणि इलियट नावाचे इंग्रज शिक्षक बालमहाराजांना शिकवत होते. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्यांनी शिकून घेतल्या. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

२. प्रदेश

बडोदे राज्य सुमारे आठ हजार चौरस मैलांचे होते, पण ते सलग नव्हते. वडोदरा, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे मुख्य चार प्रांत. पश्चिमेच्या टोकाला द्वारकेजवळचे ओखामंडळही याच राज्यात होते. मध्ये कुठे इंग्रजांचा मुलूख, तर कुठे दुसऱ्या संस्थानांचा. वडोदऱ्याहून अमरेलीला जायचे तर दुसऱ्याच्या हद्दीतून जावे लागे.

येथे प्रदेश या शब्दाचे दोन अर्थ समजतात. एक राज्यकर्त्यांनी आखलेला, दुसरा निसर्गाने घडवलेला. नवसारीकडे पाऊस भरपूर, तर कडी आणि अमरेलीकडे कमी. एकाच राजाची प्रजा असूनही त्यांची पिके वेगळी आणि अडचणीही वेगळ्या. म्हणून अधिकार मिळाल्यावर तरुण महाराजांनी प्रांतांचे दौरे करून आपला मुलूख पाहिला. राज्यकर्त्यांनी आखलेल्या सीमा बदलतात हेही लक्षात ठेवा. १९४९ मध्ये बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० पासून हा भाग गुजरात राज्यात आहे. पाऊस मात्र या सीमा पाहून पडत नाही.

३. माणूस आणि निसर्ग

त्या काळी वडोदऱ्याचे लोक विहिरी आणि तलावांचे पाणी पीत. ते उन्हाळ्यात आटे आणि अस्वच्छ पाण्याने रोगराई पसरे. महाराजांच्या राज्यात शहराच्या पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरवर मातीचा बांध घालून आजव्याचा तलाव बांधला गेला. १८९० च्या सुमारास तो तयार झाला. त्याचे नाव सयाजी सरोवर. जागेची निवड पाहण्यासारखी आहे. पावागडच्या बाजूची जमीन उंच आणि शहर सखल, त्यामुळे पाणी उताराने शहराकडे येते. जमिनीचा उतार ओळखून केलेले हे काम आजही वडोदऱ्याच्या पूर्व भागाची तहान भागवते.

पण निसर्गापुढे माणसाची शक्ती किती, हेही त्याच महाराजांना पाहावे लागले. १८९९-१९०० मध्ये छप्पनियाचा भयंकर दुष्काळ पडला. राज्याने दुष्काळी कामे काढली, तरी भूक आणि कॉलरा यांनी असंख्य माणसे गेली. १८९१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. शहराला तलाव मिळाला होता, पण बहुतेक गावांची शेती पावसावरच होती. हे दोन आकडे लोकसंख्येच्या धड्यात आले असते तर आपण ते पाठ करून सोडून दिले असते. त्यांच्यामागे किती घरे रिकामी झाली याचा विचार करणे हाही भूगोलच आहे.

४. ये-जा

सयाजीराव १८८७ मध्ये प्रथम युरोपला गेले. पुढे त्यांनी अमेरिका आणि जपानही पाहिले. परदेशात जे चांगले दिसले ते आपल्या राज्यात कसे आणता येईल याकडे त्यांचे लक्ष असे. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून त्यांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना वडोदऱ्यात बोलावले. त्यानंतर पुस्तकांच्या लाकडी पेट्या राज्यातील गावोगाव फिरू लागल्या. डभोईभोवती पसरलेल्या नॅरोगेज रेल्वेने खेड्यांतला कापूस बाजारात आणला. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा स्थापन झाली आणि १९२६ मध्ये ओखा बंदर सुरू झाले.

शिक्षणही असेच पसरले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले. आधी एका भागात करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते सर्व राज्याला लागू केले. मुलींनाही त्यातून वगळले नाही.

५. जागेचा स्वभाव

एखादी जागा तिथल्या नदी, झाडे आणि इमारतींवरून ओळखली जाते, तशीच तिथल्या माणसांच्या वागण्यावरूनही ओळखली जाते. १९१३ मध्ये सयाजीरावांनी शिष्यवृत्ती देऊन तरुण भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. शिक्षण घेऊन ते १९१७ मध्ये बडोदे सरकारच्या नोकरीसाठी येथे आले. परंतु अस्पृश्य म्हणून या शहरात त्यांना राहायला घर मिळाले नाही. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला होता, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. कमाटीबागेतील एका झाडाखाली बसून त्यांनी आपले पुढचे जीवन समाजासाठी देण्याचा निश्चय केला. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

राजाने महासागरापलीकडची वाट उघडून दिली, पण शहराने आपले दार उघडले नाही. हा वडोदऱ्याच्या भूगोलातला कटू भाग आहे आणि तोही आपल्या मुलांना माहीत असला पाहिजे. सयाजीबागेत गेलात तर पक्षी-प्राणी पाहाच, पण बागेचा हा इतिहासही आठवा.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीराव महाराजांचे निधन झाले.

आता आपले समा

हे पाच प्रश्न आपल्यासाठी परीक्षेपुरते नाहीत. पावागडच्या डोंगरातून येणारी विश्वामित्री आपल्या समा भागाजवळून वाहते आणि भूखी कांस समा-निझामपुऱ्यातून जाते. आजव्याचा तलाव भरला की त्याचे सोडलेले पाणी विश्वामित्रीतच येते. १९२७ मध्ये या शहराने महापूर पाहिला. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांवर गेली आणि समातील किती घरांत पाणी शिरले हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. जे सरोवर शहराला पाणी देते, त्याच्याच पाण्याने पुराची चिंताही वाढते. नदीची कोतरे आणि कांस भरून त्यावर आपण बांधकाम केले, तर पाणी जाणार कुठे?

मित्रांनो, या सत्रात प्रत्येकाने एक काम करावे. आपल्या सोसायटीचा साधा नकाशा काढावा. नदी आणि कांस कोणत्या दिशेला आहे, उतार कुठे आहे, २०२४ मध्ये पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते आणि आपल्या नळाचे पाणी आजव्याचे की महीचे, हे घरच्यांना विचारून त्यावर लिहावे. पालकांनी आणि आजी-आजोबांनी आठवून सांगावे. विश्वस्त मंडळींनाही विनंती आहे की हे नकाशे एकदा नजरेखालून घालावेत. पुढच्या पावसाळ्यात कोणत्या वर्गमित्राच्या घरी आधी मदत पोहोचवायची, हे ठरवताना ते कामी येतील.

आपले,
मुख्याध्यापक