पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि तितिक्षा

श्रद्धेमुळे माणसाला आपत्ती सोसण्याचे बळ मिळते, असे आपण सहज म्हणतो. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना एक प्रश्न मनाशी ठेवा : तितिक्षा म्हणजे निमूटपणे सोसणे एवढेच काय?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नीला व मुलीला संस्कृत शिकवले. पुराणे सांगत तीर्थाटन करणारे हे कुटुंब १८७४च्या सुमारास दुष्काळात सापडले. आई, वडील आणि थोरली बहीण यांचा त्यात अंत झाला. उरलेली दोघे भावंडे पायी देशभर हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरविले. परंतु १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांना मृत्यूने गाठले. पदरी तान्ही मनोरमा होती.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. या निर्णयामुळे स्वकीय दुरावले. पण चर्चच्या अधिकाऱ्यांनाही त्या पूर्णपणे आपल्या वाटल्या नाहीत. स्वतःच्या बुद्धीला पटल्याखेरीज कोणताही सिद्धांत मान्य करण्यास त्यांची तयारी नव्हती. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन केलेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. मुलींना ख्रिस्ती केले जाते, या आक्षेपावरून १८९३ मध्ये सल्लागार मंडळ बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी ना संस्था सोडली, ना श्रद्धा लपवली.

१८९६-९७ च्या दुष्काळाने त्यांच्यापुढे त्यांचेच बालपण उभे केले. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना केडगावला घेऊन आल्या. तेथील 'मुक्ती'त या मुली शिकल्या, विणकाम, शेती व छपाई करू लागल्या. ज्या आपत्तीने रमाबाईंचे घर मोडले, तिच्यातूनच त्यांनी इतरांसाठी घर उभारले.

मराठीच्या अभ्यासकाने त्यांच्या अखेरच्या कार्याकडे विशेष लक्ष द्यावे. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृतच्या या पंडितेने सामान्य स्त्रियांना कळेल अशी साधी मराठी हेतुतः योजली. १९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या. त्यानंतर काही महिन्यांतच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचे निधन झाले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळा. रमाबाईंच्या श्रद्धेने त्यांचे दुःख टाळले नाही; त्या दुःखाला काम दिले.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : रमाबाईंच्या जीवनात श्रद्धा आणि विचारस्वातंत्र्य परस्परविरोधी होते काय? सोदाहरण लिहा.