नदीकाठचा अतिथी

गणराय आपल्या घरी येतात ते अतिथी होऊन. दीड, पाच, सात वा दहा दिवस पाहुणचार घेतात आणि नदीच्या जळात निरोप घेतात. या दिवसांत अतिथी आणि नदी ही दोन दैवते आमच्या मनात एकत्र नांदतात. म्हणूनच आजच्या उत्तररंगास आम्ही पुराणातील आख्यान न घेता जपान देशीच्या एका सत्पुरुषाचे चरित्र घेत आहोत. तानाका शोझो हे त्यांचे नाव. ४ सप्टेंबर १९१३ रोजी, म्हणजे याच सुमारास, ते दुसऱ्याच्या घरी पाहुणे असताना निवर्तले. परदेशचा पुरुष, त्यातून हाती ख्रिस्ती ग्रंथ. आमच्या फडावर त्याचे काय काम, असे कोणी विचारील. आम्ही एवढेच म्हणतो की आख्यान आधी ऐकावे.

तोचिगी प्रांतातील कोनाका गावी १८४१ साली शोझोंचा जन्म झाला. घराणे गावच्या मुखियाचे. तरुणपणीच जमीनदाराच्या अन्यायाविरुद्ध उभे राहिल्याने, धड उभेही राहता येऊ नये अशा कोंदट कोठडीत त्यांना दहा महिने काढावे लागले. पुढे त्यांनी वृत्तपत्र काढले, प्रांतिक सभेचे अध्यक्षपद भूषविले आणि १८९० साली जपानच्या पहिल्या संसदेत ते निवडून गेले.

त्यांच्या मुलखातून वातारासे नदी वाहते. तिच्या उगमाकडे आशिओ येथे फुरुकावा इचिबेइ या धनिकाची तांब्याची खाण होती. भट्ट्यांच्या धुराने डोंगर बोडके झाले आणि खाणीचे विष पाण्यात उतरले. मासे मेले. १८९० च्या महापुराने तोच गाळ भातखाचरांत पसरला आणि पिके जळाली. पूर्वी पूर ओसरला की मागे कसदार माती राहत असे. आता अन्नदात्री नदीच अन्न नासवू लागली. १८९१ पासून शोझोंनी संसदेत हा प्रश्न लावून धरला. १८९९ मध्ये सभासदांचे वेतन आठशे येनांवरून दोन हजार झाले, तेव्हा त्यांनी सारेच वेतन नाकारले.

शेतकऱ्यांचे ठाणे होते उनर्यूजी या बौद्ध मंदिरात. तेथून १३ फेब्रुवारी १९०० रोजी हजारो शेतकरी राजधानीकडे पायी निघाले. कावामाता येथे पोलिसांनी त्यांना झोडपून काढले आणि अनेकांना बेड्या ठोकल्या. पुढील वर्षी शोझोंनी संसद सोडली आणि १० डिसेंबर १९०१ रोजी हाती अर्ज घेऊन ते थेट सम्राटाच्या रथापुढे धावले. अर्जाचा मसुदा कोतोकु शूसुई या पत्रकाराने लिहिला होता. सरकारने त्यांना वेडा ठरवून सोडून दिले. देहदंडासारख्या शिक्षेची तयारी ठेवून निघालेल्या पुरुषास ही सुटका जिव्हारी लागली असेल, असे आम्हांस वाटते.

खरे वळण लागले ते तुरुंगात. कावामाताच्या खटल्यात त्यांनी जांभई दिली, तो न्यायासनाचा अवमान मानला गेला, आणि १९०२ साली त्यांना सुमारे चाळीस दिवसांची कैद झाली. तेथे त्यांनी नवा करार वाचला. बाप्तिस्मा त्यांनी कधीच घेतला नाही; परंतु तो ग्रंथ पुढे हातून सुटला नाही. त्याआधीच काही ख्रिस्ती मंडळी या दुःखाकडे वळली होती. उचिमुरा कांझो यांनी १९०१ मध्ये त्या भागाची पाहणी केली. उशिओदा चिसेको या बाईंनी मदतमंडळ उभारले आणि पीडित गावांतील काही मुलींना टोकियोत आसरा दिला.

पुराचे पाणी कोठे तरी मुरवावे म्हणून सरकारने यानाका हे सुमारे साडेचारशे घरांचे गावच बुडवावयाचे ठरविले. १९०४ साली शोझो त्या गावात राहावयास गेले. स्वतःचे घरदार त्यांनी मागे टाकले होते. ज्याच्या दारी जात तेथे भाकरतुकडा घेत. अखेर गावात सोळा घरे उरली, आणि १९०७ च्या उन्हाळ्यात तीही पाडण्यात आली. लोकांनी मोडक्या लाकडांची खोपटी उभारली. त्यानंतर पूर आला तेव्हा शोझो होडीने खोपटाखोपटांत गेले. पाहतात तो माणसे भिजलेली, पण मने अचल. आपण आजवर या लोकांना शिकवीत आलो, ऐकले मात्र नाही, याची त्यांना लाज वाटली. पुढे ते त्या अडाणी मंडळींनाच गुरू मानू लागले. आम्ही चाळीस वर्षे व्यासपीठावरून बोलत आलो आहोत. हा प्रसंग वाचून आम्हीही काही क्षण गप्प झालो.

उरलेली वर्षे त्यांनी नद्यांची पाहणी करण्यात घालविली. ऑगस्ट १९१३ मध्ये एका शेतकऱ्याच्या घरी ते कोसळले आणि सुमारे महिनाभर तेथेच राहिले. किनोशिता नाओए हे त्यांचे ख्रिस्ती स्नेही शुश्रूषेस होते. अंत्यविधी बौद्ध मंदिरात झाला. हजारोंचा समुदाय लोटला. खाण बंद पडावयास १९७३ साल उजाडले. यानाकाच्या जागी आज बोरूचे विस्तीर्ण रान आहे. २०१२ मध्ये त्यास रामसर पाणथळाचा मान मिळाला.

मागे राहिली ती एक झोळी आणि एक टोपी. झोळीत नवा करार, रोजनिशी, अपुरे लेखन, देशाची राज्यघटना व मत्तयाचे शुभवर्तमान एकत्र शिवून केलेली एक वही आणि तीन लहान खडे निघाले. शोझोंना वाटेतले खडे उचलण्याचा नाद होता. आमच्या देवघरातील पंचायतनातही गंडकीचा शाळिग्राम, नर्मदेचा बाण आणि शोणेचा तांबडा गणेश आहे. शोझोंच्या अस्थी मात्र एका ठिकाणी राहिल्या नाहीत; नदीकाठच्या गावांनी त्या वाटून नेल्या.