रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे



आज रविवार. सकाळी लवकर आवरून, मुलांना तयार करून आपण मिस्साला आलो. कोणी पायी आले, कोणी मोटारसायकलवर, कोणी जीपमध्ये दाटीवाटीने बसून. रविवार म्हणजे सुट्टी, हे आपण इतके गृहीत धरले आहे की ही सुट्टी कोणी मिळवली हा प्रश्न मनात येत नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला ती मिळवून देण्यासाठी ज्यांनी खस्ता खाल्ल्या, ते आपल्याच ठाण्यात जन्मले होते. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. आज त्यांची ओळख करून घेऊ.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली एका गरीब माळी कुटुंबात झाला. मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, तेव्हा ते पाच वर्षांचे होते. पुढे याच लोहमार्गाने आपल्या आसनगाव-कसाऱ्याकडची माणसे कामाच्या शोधात मुंबईकडे जाऊ लागली. ठाण्यात शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वे व टपाल खात्यात काही काळ नोकरी केली आणि नंतर मुंबईतील मांडवीच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. तेथे त्यांनी कामगारांचे जिणे जवळून पाहिले.

काय होते ते जिणे? तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. दुपारी जेवायला ठरलेली वेळ नव्हती. पगार महिनाभर आणि कधी त्याहून अधिक थकलेला असे. यंत्रात हात सापडला तर औषधपाणी ज्याचे त्याने पाहायचे. सणासुदीला गिरणी बंद राही, पण आठवड्याची सुट्टी अशी नव्हती. रविवारी यंत्रे पुसायलाही कामगारांना बोलावत. सरकारी कचेऱ्या मात्र रविवारी बंद असत.

१८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हते.

लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' हे वृत्तपत्र मुंबईतून चालवले आणि त्यात कामगारांची दुःखे मांडली. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या साध्या होत्या. दर रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा अपंग झालेल्याला निर्वाहाची सोय मिळावी.

याच काळात बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन झाली. भारतातील कामगार संघटनांची सुरुवात येथून मानतात. मात्र आजच्या युनियनसारखी ती नव्हती. तिच्याकडे वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, लिखित नियम नव्हते. लोखंडे यांनी संप पुकारून गिरण्या बंद पाडल्या नाहीत. सभा, अर्ज आणि वर्तमानपत्र हीच त्यांची साधने होती.

काम सोपे नव्हते. इंग्लंडमधील गिरणीमालकांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा नको होती, म्हणून तेही येथे कडक कायदा मागत होते. त्यामुळे कामगारांची बाजू घेणारा परदेशी मालकांचे काम करतो, असे येथल्या पुढाऱ्यांनाही वाटे. अशा वेळी स्वदेशी मालकाकडूनही न्याय मागितला पाहिजे, हे सांगायला धैर्य लागते. लोखंडे यांनी ते दाखवले.

पहिल्या अर्जानंतर सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी व दुपारची अर्धा तास विश्रांती आली आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले. पुरुषांच्या तासांना मर्यादा पडायला मात्र १९११ साल उजाडले.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही हाच काळ महत्त्वाचा आहे. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले. कामगाराला कुटुंब पोसण्यापुरते वेतन, रविवारची विश्रांती आणि संघटना करण्याचा हक्क आहे, असे त्यांनी शिकवले. कामगारानेही काम प्रामाणिकपणे करावे आणि मालकाच्या मालमत्तेची नासधूस करू नये, हेही सांगितले. रोम आणि मुंबई यांत केवढे अंतर! पण मागणी एकच निघाली.

लोखंडे केवळ कामगारांपुरते थांबले नाहीत. विधवांचे केशवपन करू नये म्हणून मुंबईच्या नाभिक बांधवांना त्यांनी संघटित केले. १८९३ साली हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तेव्हा सलोख्यासाठी ते झटले. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा पदवी मिरवत घरी बसणे त्यांना जमले नाही. रोग्यांच्या सेवेत असताना त्यांनाच प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुले याच साथीत गेल्या. २००५ साली भारत सरकारने लोखंडे यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

आता थोडे आपल्याविषयी. आमच्या शहापूर-मुरबाड भागात आज कारखाने आहेत, गोदामे आहेत, वीटभट्ट्या आहेत. आपल्यातील काही तरुण ठेकेदाराकडे काम करतात. रविवारी गैरहजर राहिले तर सोमवारी काम मिळेल याची त्यांना खात्री नसते. काही कातकरी कुटुंबे पावसाळ्यात उचल घेतात आणि दिवाळीनंतर भट्टीवर जाऊन ती फेडत बसतात. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ साली झाला, पण कायदा कागदावरून भट्टीपर्यंत पोहोचायला माणसे लागतात. लोखंडे हे अशा माणसांपैकी एक होते.

आणि आपण स्वतः? आपण नेहमी कामगारच असतो असे नाही. घर बांधताना, लावणीला मजूर लावताना, धुण्याभांड्याला बाई ठेवताना आपण मालक होतो. त्यांची मजुरी आपण वेळेवर देतो का? ती आजारी पडली तर पैसे कापतो का? तिला आठवड्याची एक सुट्टी आहे का? द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. त्याने उशिरा आलेल्यालाही दिवसाची पूर्ण मजुरी दिली, आणि तीही त्याच संध्याकाळी.

मिस्सा संपल्यावर आज आपण घरी जाऊ, निवांत जेवू, मुलांशी बोलू. त्या निवांतपणात या ठाणेकराची आठवण ठेवू या. आणि ज्यांना आजही रविवार नाही त्यांच्यासाठी, कामगारांचे आश्रयदाते संत जोसेफ यांच्याकडे, प्रार्थना करू या. आपल्या हाताखाली काम करणाऱ्या एकाला जरी आपण त्याचा रविवार देऊ शकलो, तर ती प्रार्थना आपल्या घरापासूनच फळाला येईल.