जादा प्रतीचे मोल

बँकेत असताना कार्बन कागद हा माझा रोजचा सोबती होता. मूळ पावती ग्राहकाला, नक्कल फायलीत. मूळ हरवली तरच नकलेला किंमत, अशी माझी पक्की समजूत होती. ती मोडली सुसुमु ओहनो यांनी.

ओहनो यांचा जन्म १९२८ चा, जपानच्या ताब्यातल्या सेऊलमधला. घोड्यांच्या वेडापायी ते पशुवैद्यक शिकले. पुढे अमेरिकेत गेले आणि कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या संस्थेत त्यांनी हयात घालवली. उतारवयात ते डीएनएच्या अक्षरांना स्वर लावून संगीतही रचत.

१९६० च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी माशांच्या पेशींतला डीएनए मोजला. कार्प आणि गोल्डफिशमध्ये तो त्यांच्याच कुळातल्या काही माशांच्या जवळजवळ दुप्पट भरला. म्हणजे कधीकाळी सगळा जनुकसंचच दुप्पट झाला होता! १९७० च्या ग्रंथात त्यांनी त्याचा अर्थ लावला. एकुलते एक जनुक बिघडले तर जीवावर बेतते, म्हणून निसर्ग त्याला फारसे बदलू देत नाही. जादा प्रतीला मात्र मोकळीक असते. अशा बहुतेक प्रती बिघडून वाया जातात, पण एखादी नवेच काम शिकते.

पुरावा सावकाश आला. शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांचे उंदरात चार गट असतात. झेब्राफिशमध्ये ते सात असल्याचे १९९८ मध्ये दिसले. पुढच्याच वर्षी आणखी एक वाट उमगली. उंदराचे एन्ग्रेल्ड-१ हे जनुक गर्भात पुढच्या पायाच्या अंकुरातही राबते आणि चेतापेशींतही. झेब्राफिशमध्ये त्याच्या दोन प्रती आहेत. एक पराच्या अंकुराचे काम पाहते, दुसरी चेतापेशींचे. नवे काही न शिकता दोघींनी जुनेच काम वाटून घेतले, आणि आता दोघींपैकी एकीलाही रजा देता येत नाही.

ओहनो जानेवारी २००० मध्ये गेले.

आमच्या शाखेत एका टेबलाला दोन कारकून होते. एक जादा आहे, असे वरून कळवण्यात आले. पण एकाकडे ठेवी होत्या, दुसऱ्याकडे कर्जे. एकाची बदली झाली, तेव्हा टेबल महिनाभर अडून राहिले. जादा म्हणण्याआधी तो काय करतो हे पाहायला हवे होते. तो शेरा, वाचकहो, माझ्याच सहीने गेला होता.