रानफुलांचे धर्मगुरू : फादर सांतापाव

बारामती व इंदापूर परिसरातील मुरमाड माळ अनेकांना ओसाड वाटतो. परंतु पावसाळ्यात तेथे जमिनीलगत बारीक पिवळी फुले उमलतात. आपण त्यांना तण म्हणून तुडवून पुढे जातो. अशाच दुर्लक्षित वनस्पतींची काटेकोर नोंद करणाऱ्या एका धर्मगुरूंचे आम्ही येथे स्मरण करीत आहोत.

फादर हेर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा जन्म ५ डिसेंबर १९०३ रोजी स्पेनमधील ला गालेरा या गावी झाला. येशूसंघाचे सभासद म्हणून ते भारतात आले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केले. त्याच महाविद्यालयात स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर ब्लॅटर यांनी पूर्वी वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह उभारला होता. फादर सांतापाव यांनी तो वारसा पुढे नेला. १९५३ साली त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बारामतीला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातील पुरंदर गडावर १९४४ ते १९५६ या काळात आढळलेल्या सपुष्प वनस्पतींचीही त्यांनी ग्रंथरूपाने नोंद केली.

हे काम चिकाटीचे असते. सूर्यफुलाच्या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो वस्तुतः अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो. त्यामुळे केवळ पिवळ्या रंगावरून ओळख पटत नाही. एकदांडीच्या उंच देठावरील फुलाच्या कडेच्या पाकळ्यांना टोकाशी तीन दाते असतात; ही वनस्पती मूळची अमेरिकेतील. पाथरीचे पान मोडल्यास पांढरा चीक निघतो. पत्थरसुव्याची पाने शेपूसारखी चिरलेली असून त्याच्या बारीक फळाला दोन ताठ केस असतात. भिंगातून हे बारकावे तपासून, वाळविलेल्या नमुन्यावर स्थळ व दिनांक लिहिला, तरच ती नोंद पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडते.

१९६१ ते १९६७ या काळात फादर सांतापाव भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. १९६७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १३ जानेवारी १९७० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज माळ नांगरले जात आहेत, त्यांवर इमारती उभ्या राहत आहेत. ज्या फुलाची नोंदच नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाला कळणार नाही. म्हणून आमची विनंती आहे की, आपल्या धर्मग्रामातील मुलांना एकदा माळावर न्यावे, एखाद्या फुलाजवळ बसवावे आणि त्याचे नाव शोधण्यास सांगावे. निर्मात्याच्या हस्तकृतीचा आदर करण्याची ती पहिली पायरी ठरेल.