रेव्हरंड टिळक : फुलामुलांपलीकडले

मराठीच्या तासाला 'केवढे हे क्रौर्य' पाठ करून उभ्याने म्हणून दाखवल्याचे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. जखमी पक्षिणी आणि तिची पिल्ले ऐकून मागच्या बाकांवरची दंगाही थांबायची. ती लिहिणारे नारायण वामन टिळक ख्रिस्ती होते, हे मला मात्र कॉलेजात गेल्यावर कळले. स्मरणिकेसाठी काही लिही म्हटल्यावर त्यांचीच आठवण झाली.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावनाचे, बुद्धी तीव्र, संस्कृत उत्तम. पण पाय एका जागी ठरत नसे. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. न सांगता घरातून निघून जात. राग तर नाकावरच. हातात पैसा आला की वाटेतच कुणाला तरी देऊन मोकळे, आणि घरी चूल कशी पेटवायची हे लक्ष्मीबाईंनी पाहायचे. 'स्मृतिचित्रे'मध्ये बाईंनी हे सारे इतक्या खेळकरपणे सांगितले आहे की हसता हसता त्यांनी किती सोसले ते विसरायला होते.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाशी ते अडकले. शत्रूवर प्रेम करा, स्वर्गातल्या पित्यासारखे परिपूर्ण व्हा, ही मागणी कुणा माणसाला पेलणार? टिळकांना तर स्वतःचा रागही पेलत नव्हता. पण ज्याने सांगितले त्याने ते जगूनही दाखवले, असे त्यांना दिसले. निष्पाप असा तो एकच. आपण त्याच्या आधारानेच उभे राहायचे, या श्रद्धेपर्यंत ते पोचले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बायकोला विश्वासात न घेता! हे मला आजही खटकते. जवळजवळ पाच वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या त्याही आपले सोवळे सांभाळूनच. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, नवऱ्याच्या धाकाने नव्हे.

ख्रिस्ती झाल्यावर टिळकांचा राग गेला का? नाही. फरक एवढाच की तो त्यांना स्वतःला दिसू लागला. त्यांच्या अभंगांत ते आपले दोष लपवत नाहीत. तुकोबांनी विठोबापुढे गाऱ्हाणे घालावे तसे ख्रिस्तापुढे घालतात, त्याला आई म्हणतात. घर मात्र सदैव माणसांनी भरलेले. बालकवी ठोमरे याच घरी मुलासारखे राहिले.

नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वीसहून अधिक वर्षे काढली, 'ज्ञानोदय' सांभाळला. १९१७ मध्ये मिशनचे काम आणि पगार दोन्ही सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात यावेत, ही त्यांची कल्पना. ती नीट उभी राहण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

ख्रिस्ताचे संपूर्ण चरित्र ओवीबद्ध करायला घेतलेले 'ख्रिस्तायन' दहा-साडेदहा अध्यायांवर थांबले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. वाचायला टिळकांनीच शिकवले होते.